रस्त्यात मारामारी दिसली तर आपण काय करायचं? कोल्हापुरातून सारखे येणारे प्रश्न

मी तालमीत, कॉलेजात, बचत गटात प्रथमोपचार शिकवते. शिकवायचं असतं पट्टी कशी बांधायची ते, पण शेवटी प्रश्न येतात ते वेगळेच. "ताई, परवा आमच्या गल्लीत एकाला मारलं, आम्ही सगळे बघत होतो, काय करायला पाहिजे होतं?" फोनवर, मेसेजवर, लग्नात जेवणाच्या पंगतीत सुद्धा हेच. एकेकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहिलंय. जिथं एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडं आलंय तिथं नंबर दिलाय, तो बघा.

१. डोळ्यासमोर कुणाला तरी मारायला लागलेत. सगळ्यात आधी काय करू?

आवाज करा आणि फोन लावा. अंगावर धावून जायचा विचार नंतर. मोठ्यानं ओरडा, दुकानाचं शटर वाजवा, गाडीचा हॉर्न दाबून धरा, काहीही, पण तिथली शांतता मोडा. आणि शेजारच्याला नावानं नाहीतर कपड्यावरून हाक मारून काम सांगा, "ए निळ्या शर्टवाल्या भावा, तू ११२ लाव", "काकू, तुम्ही त्या पोरीला आत घ्या". "कुणीतरी पोलिसांना बोलवा रे" असं नुसतं ओरडलं तर कुणीच बोलवत नाही, कारण 'कुणीतरी' नावाचा माणूस तिथं उभा नसतोय. असं का होतं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. ११२ लावला की पुढं काय होतं? १०० बंद झाला का?

१०० पाठ असेल तर तो लावा, तोही चालतो. पण ११२ ची एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणजे महाराष्ट्रातला ११२ चा फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांकडं, जवळच्या गाडीकडं जातो. म्हणजे फोनवरच्या माणसाला मिरजकर तिकटी कुठं आणि उभा मारुती कुठं हे माहीत असेलच असं नाही. आपण घाईत "ओ गंगावेशला या लवकर" म्हणून फोन ठेवतो आणि मग म्हणतो पोलिस आलेच नाहीत.

म्हणून बोलताना आधी "कोल्हापूर शहर", मग चौक, मग समोर ठळक काय आहे ते, मग किती जण मारतायत, हातात हत्यार आहे का, कुणी जखमी आहे का. एवढं वीस सेकंदात होतं. फोन ते म्हणेपर्यंत ठेवू नका. रक्त दिसत असेल तर दुसऱ्या कुणालातरी १०८ लावायला सांगा, म्हणजे ॲम्ब्युलन्स आणि पोलिस एकदमच निघतील.

३. पन्नास माणसं उभी असतात आणि एकपण पुढं येत नाही. माणसं एवढी निर्दयी झालीत का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि माझं उत्तर नाही असंच आहे. निर्दयी माणूस तिथं थांबतच नाही, तो निघून जातो. जे थांबलेत त्यांच्या पोटात कालवाकालव होत असते, तोंडाला कोरड पडलेली असते, फक्त पाय उचलत नाही.

१९६८ साली डार्ली आणि लताने या दोघा मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले. एका खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. माणूस एकटा असताना ७५ टक्के लोकांनी उठून बाहेर जाऊन सांगितलं. पण त्याच्या शेजारी मुद्दाम दोघं असे बसवले की जे धूर बघूनही गप्प फॉर्म भरत राहतील, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे धुरात डोळे चोळत बसून राहिले! स्वतःचा जीव धोक्यात असताना सुद्धा. म्हणजे माणूस आजूबाजूला बघतो, बाकीचे शांत आहेत म्हणजे फार काही नसेल असं धरून चालतो, आणि बाकीचे पण त्याच्याकडं बघूनच शांत असतात. त्यात भर म्हणजे जबाबदारी वाटली जाते, मी नाही केला फोन तर दुसरा करेलच.

आपल्याकडं याला अजून एक थर आहे, लहानपणापासून कानावर पडलेला. "लष्कराच्या भाकऱ्या भाजू नको", "आपण भलं आपलं काम भलं", "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये". घरातून निघताना आई सांगते, कुठं भांडण दिसलं तर थांबायचं नाही. ती प्रेमानंच सांगते. पण सगळ्यांच्याच आया तेच सांगतात.

४. न्यूयॉर्कमध्ये ३८ लोकांनी खून बघितला आणि एकानं पण फोन केला नाही, ही गोष्ट खरी आहे का? सगळे व्याख्याते सांगतात.

अर्धवट खरी. १९६४ च्या मार्चमध्ये तिथं किटी जिनोविज नावाच्या तरुणीचा रात्री घराजवळ खून झाला आणि पेपरात आलं की ३८ जणांनी बघितलं. वरचे प्रयोग त्यानंतरच सुरू झाले. पण पुढं तपासलं तर कळलं की पूर्ण हल्ला दिसलेली माणसं अगदी थोडी होती, बऱ्याच जणांना नुसता आवाज आला होता, एक शेजारीण तर तिला धरून बसली होती. ज्या पेपरानं ते छापलं त्यानंच २०१६ मध्ये मान्य केलं की बातमीत चूक होती. मला ही दुरुस्ती महत्त्वाची वाटते, कारण "माणूस असाच असतो" असं पोरांना शिकवलं की ती तशीच वागतात.

५. मग वसईचा व्हिडिओ, दिल्लीचा व्हिडिओ हे काय होतं? ते तर आपण डोळ्यांनी बघितलं.

हो, बघितलं, आणि विसरता येत नाही. मे २०२३ मध्ये दिल्लीच्या शाहबाद डेअरी भागात सोळा वर्षांच्या पोरीवर गल्लीत वार होत होते आणि लोक बाजूनं चालत गेले. जून २०२४ मध्ये वसईत भर सकाळी एकीला लोखंडी पान्यानं मारलं, तिथं एक जण ओढायला पुढं आला होता पण त्याच्या मागनं दुसरा कुणी आला नाही आणि तोही मागं सरला. जानेवारी २०२५ मध्ये येरवड्यात कंपनीच्या पार्किंगमध्ये एकीवर तिच्याच सहकाऱ्यानं वार केले, लोक गोल करून उभे, त्यानं हत्यार टाकल्यावर मग पकडलं.

पण जून २०२३ मध्ये पुण्यातच सदाशिव पेठेत कोयता घेऊन पोरीच्या मागं लागलेल्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी अडवलं, कोयता हातानं धरला, पोरगी वाचली. तेच शहर, तीच माणसं. फरक एवढाच की तिथं एक जण आधी हलला.

आणि व्हिडिओ फिरतो तो कुणीच मदत केली नाही त्याचा. मदत झाली आणि भांडण मिटलं तर व्हायरल काय होणार? ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज संशोधकांनी बसून बघितलं तर ९१ टक्के वेळा निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता, आणि गर्दी जास्त तशी कुणीतरी पुढं येण्याची शक्यता पण जास्त. आता ती शहरं आपली नाहीत हे मान्य, पण गर्दी म्हणजे फक्त बघ्यांचीच असते असं काही नाही.

६. आपलं कोल्हापूर तसं नाही ना? महापुरात बघितलं की सगळ्यांनी.

महापुरात बघितलं, खरंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तालमीची पोरं गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती, घरोघरी भाकरी थापून पाठवत होते, २०२१ ला परत तेच. मग तीच पोरं चौकात भांडण दिसल्यावर लांब का उभी राहतात? मला वाटतं पुरात प्रत्येकाला काम ठरलेलं असतंय, कोण होडी आणणार, कोण दोर धरणार, कोण भाकरी गोळा करणार, मंडळाचा एक माणूस ओरडून सांगत असतो. चौकात कुणालाच काम दिलेलं नसतं. म्हणून प्रश्न १ मध्ये काम वाटून द्या असं लिहिलंय.

एक प्रसंग सांगते, माझ्यासमोर घडलेला. कपिलतीर्थ मंडईच्या तोंडाला, संध्याकाळी, तिघं पोरं एकाला हेल्मेटनं मारत होती. पंधरा-वीस माणसं गोल करून उभी आणि त्यात मी पण, हातात मेथीची जुडी. मी हे सगळं शिकवणारी बाई, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट बसल्याचा आवाज अजून कानात आहे, नारळ फुटल्यासारखा नाही, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. तेवढ्यात जमिनीवर बसलेल्या एका भाजीवाल्या आजीनं किलोचं लोखंडी वजन उचललं आणि तराजूच्या पितळी पारड्यावर ठाण ठाण ठाण वाजवायला लागली, आणि ओरडली, "ए! कुणाचा हाईस रं तू? कुठल्या गल्लीचा? बाऽचं नाव सांग!"

मारणारा थांबला. खरंच थांबला आणि वळून बघितला. "कुणाचा तू" हे कोल्हापुरात लय मोठं हत्यार आहे, कारण इथं दोन गल्ल्या सोडून कुणाचा तरी मामा कुणाचा तरी काका निघतोच. तो थांबला तसे आमच्यातले चार बापे एकदम पुढं झाले, जणू कुणीतरी दार उघडलं. एकानं हेल्मेट काढून घेतलं, दोघांनी पडलेल्याला उचललं. मी पण मग हलले, ओढणीनं डोकं दाबून धरलं. नंतर आजीजवळ गेले तर तिचे हात थरथरत होते. म्हणाली, "भ्यालो की मी बी. पर त्येचं डोकं बघवंना."

७. मध्ये पडलो आणि चाकू मलाच लागला तर? माझ्या घरी कोण बघणार?

ही भीती खोटी नाही, कुणी तुम्हाला भित्रा म्हणत असेल तर म्हणू दे. २०११ साली अंधेरीच्या अंबोलीत दोन तरुणांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं, ते टोळी घेऊन परत आले आणि दोघांचाही जीव गेला. आजूबाजूला भरपूर लोक होते. पुढं चौघांना जन्मठेप झाली, पण पोरं गेली ती गेली. मला ही घटना आठवते तेव्हा त्या दोघांनी काय करायला नको होतं हा विचार येत नाही. बाकीच्यांनी दहा पावलं पुढं यायला पाहिजे होतं, हाच येतो.

म्हणून हत्यार दिसलं तर एकट्यानं जवळ जायचं नाही, हे मी पोरांना कडक सांगते. हात-दोन हात अंतर नाही, चांगलं पंधरा-वीस फूट. लांबून आवाज, लांबून हॉर्न, फोन, आणि ज्याला मारतायत त्याला पळायला वाट मोकळी करून द्या, एखादं दुकान उघडं ठेवा. जायचंच तर चार-पाच जण मिळून, एका रेषेत, आणि मारणाऱ्याला पण पळायला जागा सोडून, कोंडलेला माणूस जास्त वार करतो. हत्यार नसेल, नुसती बाचाबाची चालू असेल तर लक्ष दुसरीकडं वळवायचं. "दादा, सीबीएस स्टँडला जायची केएमटी बस इथनंच जाते काय ओ?" असला येडा प्रश्न मध्येच विचारला तरी अर्धी भांडणं तिथंच विरतात, मी तीनदा करून बघितलंय.

८. नवरा-बायकोचं भांडण असेल तर? त्यात कसं पडायचं?

पडायचं. मार म्हणजे मार, लग्न झालंय म्हणून तो भांडण होत नाही. १९७६ मधला एक प्रयोग आहे, त्यात एक पुरुष एका बाईशी झटापट करतोय असं नाटक केलं. बाई ओरडली "मी तुम्हाला ओळखत नाही", तर ६५ टक्के लोक मध्ये पडले. बाई ओरडली "कशाला तुझ्याशी लग्न केलं", तर फक्त १९ टक्के. बाई तीच, मार तोच. यातून पोरींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते, कुणी अनोळखी ओढत असेल तर नुसतं "सोड, सोड" ओरडू नका, "मी याला ओळखत नाही" असं ओरडा.

घरातल्या मारहाणीचं म्हणाल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणं शेजारी सुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. आत्ता या क्षणी मारत असेल तर मात्र ११२ च. आणि नुसती बेल वाजवून "वहिनी, वाटीभर साखर देता काय?" म्हटलं तरी हात थांबतो, तो थांबलेला वेळ तिला लागतो.

९. मी सत्तरीची आहे, गुडघे धरलेत. मी काय करणार?

प्रश्न ६ मधली आजी तुमच्याच वयाची होती.

१०. व्हिडिओ काढणं चूक का बरोबर? सगळे शिव्या देतात काढणाऱ्याला.

आधी फोन, मग व्हिडिओ. हा क्रम पाळला तर व्हिडिओ लय उपयोगी पडतो, कोर्टात साक्षीदार फिरतात, फुटेज फिरत नाही. तिथं दहा जण काढत असतील तर तुम्ही अकरावे होऊ नका, दुसरं काम बघा. काढताना रक्तावर झूम करू नका, मारणाऱ्याचे चेहरे, गाड्यांचे नंबर, कोणत्या बाजूला पळाले ते घ्या.

काढल्यावर ग्रुपवर टाकायचा नाही. एक तर व्हॉट्सॲपवर पाठवला की फाइल दबून जाते, दुसरं म्हणजे ज्याला मार बसला त्याच्या आईला तो व्हिडिओ तुमच्याकडून बघायला मिळणं यासारखं पाप नाही. लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, चेहराच पाहिजे असं नाही, घर, नाव, कॉलेज, कशावरूनही ओळख पटली तरी. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, कट करू नका, नाव बदलू नका, आणि तपास अधिकाऱ्याला द्या. कोर्टात चालण्यासाठी नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना पोलिस सांगतील.

११. जखमीला उचलून सीपीआरला (आपल्या सरकारी दवाखान्यात) नेलं तर केस माझ्यावर येते म्हणतात. खरंय का?

इथं दोन गोष्टींची गल्लत होते.

रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ ला घातलेलं कलम १३४अ तुमच्या पाठीशी आहे. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही लागत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखाना अडवून ठेवू शकत नाही. उलट 'राहवीर' योजनेत गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला २५,००० रुपये बक्षीस आहे.

चाकू, मारहाण असेल तर ते कलम आणि ते बक्षीस लागू नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण म्हणून तुम्ही आरोपी होता असं अजिबात नाही. पोलिस दोन प्रश्न विचारतील, कुठं सापडला, काय बघितलं, एवढंच. आणि दवाखान्यानं "आधी पोलिस केस करून आणा" म्हणून परत पाठवायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय, आधी जीव, मग कागद, सरकारी दवाखाना असो नाहीतर खासगी. एका रात्री एका दवाखान्याच्या दारात मला हेच वाक्य तीनदा म्हणावं लागलं, तिसऱ्यांदा स्ट्रेचर आलं.

१२. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत रक्त थांबवायचं कसं?

स्वच्छ कापड, नसेल तर गळ्यातला टॉवेल, ओढणी, जखमेवर ठेवून तळहातानं जोरात दाबा आणि सोडू नका. थांबलं का बघायला म्हणून दर मिनिटाला उचलून बघतात, ते करू नका. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. चाकू अंगात रुतलेला असेल तर काढायचा नाही, त्यानंच रक्त अडवलेलं असतं, त्याच्या दोन्ही बाजूनं दाबा. पाणी, चहा पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. हळद, कॉफी, तंबाखू जखमेत भरू नका. मान-पाठ लागल्यासारखी वाटत असेल तर बसवायची घाई नको. आणि त्याच्याशी बोलत राहा, नाव विचारा, "मी आहे इथं" म्हणा, ते पण औषधच आहे.

१३. साक्षीदार म्हणून नाव दिलं की पाच वर्षं कोर्टाच्या चकरा. त्यापेक्षा नको ते लचांड.

चकरा होतात, खोटं कशाला बोलू. कसबा बावड्याच्या कोर्टात दिवस घालवायचा, तारीख पुढं गेली की परत यायचं, हजेरी बुडते. पण भीती आहे त्यापेक्षा थोडी मोठी झालीय. पोलिसांनी चौकशीत घेतलेल्या जबाबावर तुमची सही घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे. बायका, पंधराच्या आतली पोरं, साठीच्या वरची माणसं, अपंग, आजारी यांना पोलिस ठाण्यात बोलवायचं नाही, त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा. साक्षीला गेलं की भत्ता मागता येतो. धमक्या येत असतील तर २०१८ पासून साक्षीदार संरक्षण योजना आहे, अर्ज करता येतो.

नाव द्यायचं धाडस नसेल तर निदान ११२ ला फोन तरी करा, फोन केला म्हणजे तुम्ही आपोआप साक्षीदार झालात असं नाही. आणि जमलं तर दोघं-तिघं मिळून नाव द्या. एकट्या साक्षीदारावर दबाव येतो, गल्लीतले सहा जण एकदम उभे राहिले तर कुणाकुणाच्या घरी जाणार?

१४. मारणाऱ्याला पकडून ठेवलं, दोन-चार लावले, तर चालतं का?

पकडून ठेवलं तर चालतं. तुमच्यासमोर गंभीर, म्हणजे दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल तर सामान्य माणूस सुद्धा अटक करू शकतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०), फक्त उगाच वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासात पोलिसांकडं द्यायचा. दुसऱ्याचा जीव वाचवायला लागेल तेवढं बळ वापरायचा हक्क पण आहे, स्वसंरक्षण फक्त स्वतःचं नसतं, न्याय संहितेच्या कलम ३५ मध्ये दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण पण आलं.

दोन-चार लावले तर चालत नाही. हत्यार हातातून पडलं, माणूस जमिनीवर आला, तिथं हा हक्क संपला. त्यानंतरची प्रत्येक लाथ तुमच्या नावावर. आणि ज्याला मारतोय तोच गुन्हेगार आहे हे गर्दीत किती जणांना माहीत असतं? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना लोकांनी ठार मारलं. मोबाइलवरच्या अफवेवरून. ते भटक्या जमातीतले गरीब लोक होते, काही केलेलं नव्हतं. तिथं जमाव उदासीन नव्हता, उलट सगळे पुढं आले होते. म्हणून मी "पुढं या" एवढंच कधी सांगत नाही. मार थांबवायला या असं सांगते, मग मार खाणारा कुणीही असो.

१५. मदत न करणं हा गुन्हा आहे का?

नुसतं बघत उभं राहणं हा आपल्याकडं गुन्हा नाही. अपवाद आहेत, त्यातले दोन सांगते. खून, दरोडा अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती असेल तर ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३३). आणि पोलिसांनी कुणाला पकडायला किंवा दंगा आवरायला मदत मागितली आणि ती मागणी रास्त असेल तर नाही म्हणता येत नाही.

१६. आमच्याच मंडळाची पोरं मारत असतील तर? तिथं कसं बोलायचं, रोज तोंड बघायचंय.

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि हा फक्त आपल्याकडंच एवढ्या वेळा येतो, फुटबॉलची मॅच सुटल्यावर, मिरवणुकीच्या रात्री. अनोळखी गुंडाला अडवायला धाडस लागतं, मित्राला अडवायला त्याच्या दुप्पट. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तिथं तुमचा शब्द पोलिसांपेक्षा जास्त चालतो. मारणाऱ्याला समोरच्यापेक्षा आपल्या माणसांच्या नजरेची फिकीर असते, तो तुम्हालाच दाखवायला मारत असतो. मागनं कमरेला धरून बाजूला ओढा, "चल, आई बोलवतीय", "वस्ताद आलेत" काहीही म्हणा. समजूत दुसऱ्या दिवशी काढा. हत्यार निघालं असेल तर मात्र मित्र असला तरी ११२. तो आज आत गेला तर मारहाणीत जाईल, नाहीतर खुनात जाईल. त्याच्या आईच्या बाजूनं विचार केला तर हे लवकर पटतं.

१७. घटना झाल्यावर मोर्चा, बंद, "फाशी द्या" स्टेटस, याचा काही उपयोग होतो का?

राग येणं चांगलंच आहे, राग न येणं वाईट. पण तो चार दिवसांत विझतो. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर घराजवळ गोळ्या झाडल्या, २० तारखेला पानसरे गेले. त्यानंतर इथल्या लोकांनी 'निर्भय मॉर्निंग वॉक' काढले, आणि एकदा काढून थांबले नाहीत, परत परत काढत राहिले. ज्या गोष्टीची भीती घालायची होती, सकाळी फिरायला जाण्याची, तीच करत राहिले. मला निषेधाची ती रीत पटते. उलट ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, दगड पडले, इंटरनेट बंद झालं, आणि ज्यांची दुकानं फुटली त्यांचा त्या स्टेटसशी काही संबंध नव्हता.

मोर्चा काढायचा तर मागणी हाताला लागणारी ठेवा. त्या चौकातला दिवा किती दिवस बंद आहे, कॅमेरा चालू आहे का, गुन्हा कुठल्या ठाण्यात घ्यायचा म्हणून नातेवाइकांना फिरवलं का (कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावीच लागते, हद्द नंतर), साक्षीदारांना कोण सोबत करणार. आणि जखमीच्या घरी डबा कोण देणार.

१८. मी त्या दिवशी नुसता उभा राहिलो. तो पोरगा गेला. मला झोप लागत नाही.

असे तीन-चार मेसेज आलेत, रात्री दोन-अडीचला आलेले. तुम्ही मारलं नाही. मारणारा वेगळा आहे आणि त्याचं पाप त्याचं. तुमचं शरीर थिजलं होतं, ते माझं पण थिजलं होतं, प्रश्न ६ मध्ये लिहिलंय.

पण तुम्ही जे बघितलं ते अजून तुमच्याजवळच आहे आणि त्याची गरज संपलेली नाही. जबाब महिन्यानं दिला तरी घेतात, उशीर का झाला ते खरं खरं सांगायचं, भीती वाटली होती म्हणून. एकटं जायला नको वाटत असेल तर ओळखीच्या वकिलाला घेऊन जा, नाहीतर मला कळवा, आत्तापर्यंत दोघांबरोबर ठाण्यात जाऊन बाकड्यावर बसलेय, तिसऱ्यांदा पण बसेन. झोप पंधरा दिवसांच्या वर उडालेली असेल, तो आवाज सारखा कानात येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि त्या पोराच्या घरी जा. काय बोलायचं ते सुचणार नाही, नका बोलू, बसा नुसते. मी गेले होते एका घरी असंच एका काकांना घेऊन. त्या माउलीनं शेवटी एकच विचारलं, "पाणी मागितलं होतं काय त्यानं?" काका तिथं उभे होते म्हणूनच त्यांना सांगता आलं, की नाही, तुमचं नाव घेतलं होतं.